गुळाखालची गोळी

बदलापूर
ता. ७ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. काशीस अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. उल्हासनगर काय लांब आहे? पण समोर आलीस तर मी भांडेन, म्हणून लिहिते.

काल मी गिरणीतून दळण घेऊन आले, तर सुदाम ओट्यावर बसून बोलतोय आणि तू वहीत उतरवतेयस. अंबरनाथच्या कंपनीतून त्याला डोक्याने आजारी म्हणून घरी आणलं, त्याला अकरा वर्षं झाली. त्याची दाढी, त्याची आंघोळ, डॉक्टरांची गोळी भाकरीच्या पहिल्या घासात गुळाखाली लपवून भरवणं, सगळं मी केलं. आलेली दोन स्थळं त्याच्यासाठी परत पाठवली. माझ्याशी हो-नाहीपलीकडे शब्द नाही, आणि तुझ्याशी तासभर! आज सकाळी म्हणतो, गोळी माझ्या हातात दे. शेजारच्या गोजरबाई तर सांगत सुटल्यात, की नर्स बहिणीने भावाला माणसात आणलं. मग मी इतकी वर्षं काय करत होते?

हो, माझ्या पोटात दुखतंय. लिहून देते. शनिवारी तुझ्या त्या ट्रेनिंगमध्ये बोलायला मी त्याला पाठवणार नाही. चाळीस नर्स-डॉक्टरांसमोर त्याला काही झालं, तर निस्तरायला मीच.

राग आहे, माया कुठे जाते?
तुझी,
चांगुणाताई

उल्हासनगर
ता. १० फेब्रुवारी १९९४

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाकिटातून पाठवलंस ते बरं केलंस. कार्डावर लिहिलं असतंस, तर पोस्टमन घाबरून गाव सोडून गेला असता.

आमच्या ट्रेनिंगची नवी शिकवण अशी, की आजारी माणसाला काय हवंय ते त्यालाच विचारायचं आणि त्याच्याच शब्दांत, न सुधारता लिहायचं. श्यामकांत सरांनी तो गृहपाठ दिला. वॉर्डात मला कुणी उत्तरच देईना. सतरा वर्षं मी तिथे नुसते हुकूम सोडलेत. म्हणून सुदामकडे आले. आधी तुला विचारलं नाही, ही माझी चूक.

ताई, गुळाखालची गोळी त्याला पहिल्या महिन्यापासून माहीत होती. पण ती गिळेपर्यंत तू त्याच्या घशाकडे बघत बसायचीस आणि मगच स्वतःचं ताट वाढून घ्यायचीस. तो नको म्हणाला असता, तर तू उपाशी राहिली असतीस. म्हणून अकरा वर्षं गप्प. हे ऐकून मलाही तुझा हेवा वाटला. माझ्यासाठी कुणी असं कडू गिळलेलं नाही.

त्याला काय हवंय, तेही त्याने सांगितलंय. पण ते तुला तो स्वतः सांगणार आहे. डॉक्टरांशी बोलले, गोळी त्याच्या हातात द्यायला त्यांची हरकत नाही. शनिवारी तूही ये. शेवटच्या रांगेत बस, हवं तर माझ्याशी बोलू नकोस.

रागावून झालं की लोभ पूर्वीसारखा ठेव.
तुझी,
काशी

बदलापूर
ता. १३ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. काशीस अनेक आशीर्वाद.

काल सुदामला घेऊन आले खरी, पण तुझ्याशी न बोलताच रिक्षात बसले, म्हणून हे पत्र.

सुदाम बोलायला उभा राहिला आणि मागे वळून मला शोधू लागला. मी उठले होते, तू डोळ्यांनीच मला खाली बसवलंस. सरांनी विचारलं, की बरं होणं म्हणजे तुमच्या मते काय. मला वाटलं, नोकरी म्हणेल, लग्न म्हणेल. तो म्हणाला, एक दिवस ताईने माझ्याआधी जेवावं. चाळीस जणांनी ते भराभरा वहीत लिहून घेतलं. माझ्या घरातलं बोलणं मला परक्यांबरोबर बसून ऐकावं लागलं. मला त्या सगळ्यांचा राग आला, आणि रडूही आलं.

आज दुपारी त्याने मला पाटावर बसवून वाढलं. त्याची गोळी त्याच्या मुठीतच होती. मी पहिला घास घेतला, तर हा माझ्या घशाकडे बघत बसला. गिळवेना गं. मी गिळल्यावर त्याने गोळी तोंडात टाकली आणि मग स्वतःचं ताट घेतलं.

त्याने आधी तुला सांगितलं, हे मी जन्मात विसरणार नाही. पुढच्या रविवारी जेवायला ये. तिघं एकदमच बसू. त्याच्या शेजारी मात्र मी बसेन.

लोभ आहेच, वाटून घ्यायला थोडा वेळ लागेल.
तुझी,
चांगुणाताई