द्राक्षाचं बी चावताना

बाबा, परवा मी दारू प्यायले. एवढं लिहून जरा थांबले, कारण तुम्ही असता तर पुढचं ऐकूनच घेतलं नसतं. खोकल्याच्या औषधाला वास येतो म्हणून तुम्ही अख्खी बाटली मोरीत ओतली होती, आणि तुमचीच मुलगी नाशिकच्या पुढे डोंगरात एका दिवसात तीन वायनरी पालथ्या घालून आली. द्राक्षांची वाइन करतात ते कारखाने. पण आधी कारण ऐका, मग रागवा. तुमची नात, जिला मांडीवर घेऊन तुम्ही कापसाचं बोंड उकलून दाखवायचात, ती तिथल्या एका वायनरीत सहा महिने उमेदवारी करत होती. आता ते तिला कायम करून घेतो म्हणतात. काम चव घेण्याचं. घरात पंधरा दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी तिचे वडील म्हणाले, "तू जाऊन पाह्यून ये. तू हो म्हनशील त हो, नाही म्हनशील त नाही." असं सगळं माझ्या गळ्यात घालून ते मोकळे झाले.

खामगावहून नांदुऱ्याला बसनं आले आणि तिथून गाडी धरली, तेव्हा नाहीच म्हणायचं असं माझं पक्कं होतं. पहिली वायनरी चांगली उंचावर, खाली धरणाचं पाणी दिसतं. लेकीनं आधीच बजावलं होतं की इथे प्यायचं नसतं, चाखायचं असतं. एक तरुण समोर येतो, काचेच्या पेल्यात बोटभर ओततो, आधी रंग पाहा म्हणतो, मग वास, मग तोंडात घोळवा आणि शेजारच्या भांड्यात थुंका. आता तुम्हीच सांगा, कुणी एवढ्या अदबीनं समोर धरलेलं त्याच्या डोळ्यांदेखत थुंकायचं कसं? आपल्याकडे असं केलं तर ते घर जन्मात पुन्हा बोलवायचं नाही. मी गिळलं. दुसरंही गिळलं. चौथ्या पेल्याला लेक कानाशी येऊन कुजबुजली, "आई वं, थुक ना! गिळून काऊन राह्यली?" मी म्हटलं, "त्यायच्या तोंडासमोर थुकू? काय म्हनतील ते?" तर म्हणते, "थुकलं तरच खुश होतात इथं!" तोवर उशीर झाला होता. दुसऱ्या वायनरीच्या पायऱ्या मला जरा जास्तच वाटल्या. तिथे मी एका बाकावर बसले आणि पुण्याच्या तीन अनोळखी बायकांना, तुम्ही कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर कसे होतात, ते इत्थंभूत सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि मला लिंबू सरबत पाजलं.

तिसरी वायनरी लेकीची. आम्ही पोचलो तेव्हा डोंगराकडच्या एका शेतकऱ्याची द्राक्षं नुकतीच उतरली होती, निळ्या क्रेटांची रास लागली होती. तिथले म्हातारे साहेब तिला म्हणाले, "आज तूच बघ." तिनं वरच्या क्रेटमधले चार मणी घेतले, मधल्यातले घेतले, पार तळाच्या क्रेटमधले घेतले. एकेक मणी तोंडात टाकते, गर चोखते, साल चावते, आणि शेवटी बी दाढेखाली धरून फोडते. डोळे मिटलेले. मान किंचित डावीकडे. बाबा, मला तुम्हीच दिसलात. जिनिंग कारखान्याच्या आवारात गाड्यांची रांग लागली आहे, तुम्ही कापसाच्या गंजीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालताय, आतली मूठभर रुई ओढून तिचा धागा बघताय आणि मग त्यातलं बी, सरकी, दाढेखाली धरून मान अशीच कलती करताय. वाळलेली सरकी कट्कन वाजायची, ओली नुसती दबायची. मी दहा वर्षांची होते. डबा घेऊन आले होते, आणि तुमच्याआधीच एका गाडीवाल्याला बोलून गेले, "ओला हाय तुमचा कापूस." तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलं. "मान्साचं सालभराचं काम हाय ते! तीनदा हात लावल्याबिगर तोंड उघडाचं नाही!" मग तुम्ही गंजीत तीन ठिकाणी हात घातलात आणि तिसऱ्या मुठीतली सरकी त्यालाच चावायला दिलीत. कापूस ओलाच निघाला, तरी तो भांडला नाही.

लेकीनं त्या शेतकऱ्यापुढे दोन मणी धरले. "काका, तुम्हीच चावून बघा. बी अजून हिरवं आहे." तो म्हणाला, "आभाळ आलं होतं ताई, भीतीपोटी तोडली." "चांगल्या वाइनच्या टाकीत नाही घेता येणार. साध्या टाकीत घेते. वरच्या तुकड्यातली तोडू नका, मी सोमवारी येऊन चाखते." त्यानं मणी चावला, बराच वेळ चघळला आणि मान हलवली. त्याचं तोंड उतरलं होतं, पण तिच्यावर राग नव्हता. त्या क्षणी माझं ठरलं. इतका आनंद मला तिच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

तुमचा दारूवरचा राग खोटा होता असं मात्र मी म्हणत नाही. कापसाचं बीटी बियाणं आलं, पहिली दोन-तीन वर्षं घरोघर खुशी होती, आणि तुम्ही तेवढे रुई हातात घेऊन म्हणायचात, "समदा सारखाच. आता हाताले काई समजत नाही बाप्पा." मग पाऊस हुकला, बोंडअळी उलटली, आणि जिनिंगच्या फाटकासमोरच्या दारूच्या दुकानात दुपारपासून आपल्याच ओळखीची माणसं बसलेली दिसायला लागली. तुम्ही लांबच्या रस्त्यानं घरी यायचात. त्यातल्या दोघांच्या तिरडीला तुम्ही खांदा दिलात. ते सगळं आठवतच मी त्या डोंगरात उभी होते.

परतीच्या गाडीला अवकाश होता. स्टेशनवरच्या बाकड्यावर लेक चहाचा कप नुसताच धरून बसली होती. माझं काय ठरलं ते तिनं विचारलंच नाही. म्हणाली, "आई, आबा असते त काय म्हनले असते?" मी म्हटलं, "हो म्हनले असते." "खरंच?" "खरंच. खुश झाले असते." ती रडायला लागली आणि रडता रडता हसली. चहा माझ्या लुगड्यावर सांडला.

बाबा, तुम्ही हो म्हणाला नसता. दोन दिवस जेवला नसता, तिनं ऐकलं असतं, आणि तुमच्या शब्दापुढे मीही गप्प बसले असते. तुमची आठवण मला रोज येते. हे पत्र कुठे जाणार नाही म्हणूनच लिहिते, परवा त्या बाकड्यावर मला पहिल्यांदा, तुम्ही नाही याचं थोडं बरं वाटलं.