म्हातारी आणि राणीसाहेब

३ फेब्रुवारी

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. वाचून आनंद झाला, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मी मजेत आहे. दुकान चालू आहे. तूही मजेत असशील असं पुढे लिहिणार होते, पण नवरा घर सोडून गेलेल्या बाईला तसं लिहू नये, एवढं मला कळतं. तुझा फोटोग्राफर नवरा जाणारच होता. स्वतःच्याच लग्नाच्या अल्बममध्ये त्याने तुझ्यापेक्षा हॉलच्या खिडक्यांचे फोटो जास्त काढले होते, तेव्हाच मी ओळखलं होतं. तुला तेव्हा ते कलात्मक वाटलं.

फोन का करत नाहीस, असं विचारलंयस. फोनवर तू मध्येच रडायला लागतेस आणि माझं बोलणं अर्धवट राहतं. पत्रात बरं असतं. शेवटपर्यंत मीच बोलते.

तर तू परत येणार, स्वतःचं काचेचं दुकान टाकणार, आणि या वेळी कुणाच्याही हाताखाली राहणार नाहीस. 'कुणाच्याही' कशाला लिहायचं? माझ्याशिवाय कुणाच्या हाताखाली तू काम केलंयस कधी? काच कापायचा हिरा कसा धरायचा, रेघ एकदाच कशी ओढायची, हे कुणी शिकवलं? असो. नव्या हॉस्पिटलच्या खिडक्यांचं काम तुला मिळतंय, तिथल्या इंजिनिअरने आपलं शाळेचं काम पाहून तुला निवडलं, हे वाचलं. आपलं म्हणजे दोघींचं. त्याने फक्त एक अट घातली आहे म्हणतेस. एक मार्चला तुझी स्वतःची गाडी घेऊन कामावर हजर व्हायचं. म्हणून विचारतेस, ताई, माझी गाडी कशी आहे?

सांगते.

तू ती घेतलीस तेव्हा शोरूममधून थेट दुकानासमोर आणलीस आणि माझ्या जुन्या पिकअपला, म्हातारीला, खेटून उभी केलीस. गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत म्हणालीस, "ताई, ही वेगळ्याच क्लासची आहे गं." तेव्हापासून मी तिला राणीसाहेब म्हणते. मी तेव्हाही सांगितलं होतं, आत्ताही सांगते. दोन्ही ब्रँड एकाच कंपनीचे. सख्ख्या बहिणी. एकीला साध्या नावाने कामकरी लोकांच्या गळ्यात घालतात, दुसरीच्या नाकावर चकचकीत बिल्ला ठोकून तीच गाडी हौशी लोकांना विकतात. इंजिन तेच, चासी तीच, गिअरबॉक्स तोच. दोघींच्या मध्ये बारा वर्षं गेली म्हणून काही आई बदलत नाही.

फरक आहेत, नाही म्हणत नाही. तुझ्या गाडीची काच बटणाने खाली होते, माझ्या गाडीत हँडल फिरवावं लागतं. गाडी मागे घेताना तुला पडद्यावर मागचं दिसतं. मला मान वळवावी लागते. मान वळवायची सवय असलेली बरी, मागे कोण राहिलं ते कळतं. तुझ्या गाडीचा हौदा चार बोटं उंच आहे, दिसायला रुबाबदार, पण उभी काच चढवताना खांदे भरून येतात. माझा हौदा बुटका. आणि तुझ्या गाडीत खड्डा कळत नाही म्हणून तू नाचायचीस. अगं, काचवालीला खड्डा कळलाच पाहिजे! म्हातारी प्रत्येक खड्ड्याला बोंब मारते, म्हणून मी वेग कमी करते आणि माल शाबूत पोचतो. राणीसाहेब तोंडातून अवाक्षर काढत नाहीत आणि मागे चुरा होतो.

एक मात्र मान्य करते. तुझ्या गाडीतलं सामान चांगल्या प्रतीचं आहे. गॅरेजवाला म्हणाला, बिल्ला सोडला तर दोघींचं सगळं एकमेकींना बसतं. स्टार्टरसुद्धा.

गाडी शेडमध्ये आहे. वर ताडपत्री घातली आहे. काळजी करू नकोस.

तुझी,
ताई


१२ फेब्रुवारी

चि. बारकीस,

आशीर्वाद.

'स्टार्टरसुद्धा म्हणजे काय?' एवढं एकच वाक्य लिहायला तू पाकीट, तिकीट आणि अख्खं पान वापरलंस. उधळी आहेस ती आहेसच.

स्टार्टरसुद्धा म्हणजे स्टार्टरसुद्धा. म्हातारीचा गेला होता. तुझा नुसता पडून होता. मी बसवून घेतला. बॅटरी त्याच्या आधीच काढली होती, उभ्या गाडीची बॅटरी मरतेच. मग एकदा रेडिएटर गळायला लागला. नवा आणायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं की शेडपर्यंत चालत जायचं? तूच सांग. तू तरी काय केलं असतंस?

फोटो पाठव म्हणतेस. फोटोंनी तुझं कधी भलं झालंय का?

जेवतेस ना वेळेवर? त्या रिकाम्या घरात एकटी बसून विचार करत राहू नकोस, तुला विचार करता येत नाही, लहानपणापासून नुसतं डोकं दुखून घेतेस. आणि त्या इंजिनिअरचं ऑफिस नेमकं कुठे आहे ते कळव. तुझं यायचं पक्कं झालंय, हे मी जाऊन सांगून येते. बहिणीने सांगितलेलं बरं दिसतं.

तुझी,
ताई


२२ फेब्रुवारी

चि. बारकीस,

आशीर्वाद. पत्ता कळवलास, बरं झालं. बाकीच्या पत्रात तू मला जे जे म्हटलं आहेस ते दोनदा वाचलं. त्यातलं 'तू हे मुद्दाम करते आहेस' हे बरोबर आहे.

सुरुवातीला मुद्दाम नव्हतं. तू लग्न करून गेल्यावर मी एका पेंटरला हाताशी घेतलं. कपड्यांच्या दुकानाच्या शोकेसची काच होती, आपण दोघी गप्पा मारत उचलायचो तसली. पायरीवर त्याला शिंक आली. त्याने तोंड झाकायला हात सोडला. सभ्य माणूस! काच माझ्या डाव्या तळव्यातून आरपार गेली. तीन बोटं आजही वळत नाहीत. हे तुला माहीत नाही, कारण मी सांगितलेलं नाही. दवाखान्यातून तुलाच पहिला फोन लावला होता. मागे हसण्याचे आवाज येत होते. तू म्हणालीस, "ताई, आत्ता नको गं, पाहुणे आलेत." बरं म्हटलं आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी तू करशील असं वाटलं. त्या आठवड्यात करशील असं वाटलं.

मग म्हातारीचा स्टार्टर गेला. गॅरेजवाल्याने शेडकडे बघून विचारलं, "ती कुणाची?" मी म्हटलं, "आपलीच आहे, खोल."

पुढे पुढे मला ते आवडायला लागलं. स्प्रिंगचे पाटे काढले, चाकं काढली, पुढचे दिवे काढले. म्हातारी कधी नव्हे इतकी सुरेख चालते आता. तुझी राणीसाहेब लाकडी ठोकळ्यांवर बसली आहे. तुझं पहिलं पत्र आलं, त्यात लिहिलं होतंस की या वेळी कुणाच्याही हाताखाली राहणार नाही. ते वाचलं आणि त्याच दुपारी गॅरेजवाल्याला बोलावून गिअरबॉक्स उतरवला. म्हातारीचा गिअरबॉक्स ठणठणीत आहे, बारकी. मला दुसऱ्याची काही गरज नव्हती. गॅरेजवाला म्हणाला, "बाई, हा कुठे लावायचा?" मी म्हटलं, "लावायचा नाही. घेऊन जा."

काल इंजिनिअरला भेटले. चांगला माणूस आहे, चहा पाजला, तुझी आपुलकीने चौकशी केली. मी सांगितलं, तिचा नवरा सोडून गेलाय, मन थाऱ्यावर नाही, गाडीही बंद पडून आहे. यात एक अक्षर खोटं नाही, तूच तपासून बघ. त्याला वाईट वाटलं. म्हणाला, "मग आता काय करायचं?" मी खिडकीतून माझी गाडी दाखवली. काम मला मिळालं.

आता तू रडत असशील. रड. पत्रात मला ऐकू येत नाही.

काचा खूप मोठ्या आहेत. मी मापं घेऊन आले. एका माणसाचं काम नाही, आणि माझ्यासारख्या दीड हाताच्या बाईचं तर नाहीच. पेंटरांवर माझा विश्वास उरलेला नाही. इंजिनिअरला मी सांगितलंय, माझ्या हाताखालची बाई एक तारखेला कामावर येतेय. तू म्हणशील, सरळ 'ये' म्हणून लिहायचं होतं. लिहिलं असतं तर तू आली असतीस, चार दिवस माझा हात चेपला असतास, आणि तुझ्या त्या चकचकीत बिल्ल्याच्या गाडीत बसून रस्त्यापलीकडे तुझं दुकान उघडलं असतंस. माझी गिऱ्हाइकं तुझ्याकडे हसत गेली असती. तू कुणालाही आवडतेस. मला तू सुखी झालेली चालेल, पण माझ्याशिवाय झालेली चालणार नाही. हे वाईट आहे, हे मला कळतं. कळलं म्हणून काही बदललं नाही.

एक तारखेला सकाळी सातला दुकानात ये. हातमोजे तुझे तू आण. कामाच्या ठिकाणी ताई ताई करू नकोस, बाकीचे म्हणतात तसं बाई म्हण. म्हातारीतलं माझ्या शेजारचं सीट पार फाटलं होतं, त्या जागी तुझ्या गाडीतलं बसवून घेतलंय. त्याच्यावरचं प्लास्टिक मी काढलेलं नाही, ते तू काढ. याच्याशिवाय बसायला तुझ्यासाठी मी दुसरी जागा कुठेच ठेवलेली नाही.

तुझी सख्खी,
ताई