भट्टी हळू वाजली

२४ डिसेंबर १९९४, शनिवार

भट्टीने — आमच्या धुळ्याच्या बँडने — आज असं काही केलं की माझं डोकं अजून ठिकाणावर नाही.

कॉलेजच्या मैदानावर कार्यक्रम होता. भाऊबरोबर गेले. भाऊ असला तरच जाता येतं — हेवी मेटल ऐकायला धुळ्यात मुली जात नाहीत! पुढे नेहमीची काळ्या शर्टवाली पोरं, मानेपर्यंत केस. बारा वर्षं झाली या बँडला. रुपचंद गिटार वाजवतो आणि गातो, अभिमन ड्रमवर, पुना बेस गिटारवर. गाणी इंग्रजी. शब्द कुणाला कळत नाहीत, रुपचंद ओरडतोच असा की कळणारही नाहीत. पण छातीवर घण पडल्यासारखं होतं. पुढचे आठ दिवस मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये हेडफोन लावून बसते तेव्हा पाठ ताठ असते माझी!

आज पडदा सरकला तर अभिमनच्या पुढ्यात ड्रम नाहीत. ढोल. लग्नातला ढोल! रुपचंदने तार छेडली — स्वच्छ, जराही खरखर नाही. आणि खालच्या पट्टीत सुरू केलं. अहिराणीत —

"ट्रका येतस, ट्रका जातस, मना गाव उभाच शे…"

सोनगीरचा आहे तो. हायवेला लागून घर. अंगावर काटा आला माझ्या. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याचा एक शब्द कळला, आणि तो आमच्या घरात बोलतात तो निघाला!

आधी पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग मागून कुणीतरी — "ए ऑर्केस्ट्रा!" मग शिट्ट्या. मग "जुनं वाजवा! जुनं वाजवा!" तिसऱ्या गाण्याला भाऊ उठला. माझं मनगट धरलं. "चल."

मला ऐकायचं होतं.

२५ डिसेंबर

भाऊ जेवला नाही. आईने दोनदा विचारलं. "भूक नाही." बस.

२७ डिसेंबर, मंगळवार

आज बोलला थोडं. मी भांडी लावत होते, तो ओट्याशी उभा.

"डबा लावलाच नाही त्यांनी."

डबा म्हणजे त्याने बनवलेला. जुन्या रेडिओचे भाग काढून, त्याचं स्कूटरचं गॅरेज बंद झाल्यावर बसून बसून. गिटारची वायर त्यातून गेली की सूर फाटतो, गुरगुरतो. भट्टीचा तो आवाज — लोक जळगावहून, मालेगावहून ऐकायला यायचे तो — तोतारामच्या, म्हणजे भाऊच्या, डब्यातून निघायचा. हे बाहेर कुणाला माहीत नाही. भाऊने कधी सांगितलंही नाही. स्पीकर चढवायचे, वायरी ओढायच्या, अ‍ॅम्प्लिफायर बिघडला की रात्र जागायची, आणि कार्यक्रम सुरू झाला की खाली येऊन माझ्याशेजारी उभं राहायचं. तोंडावर असं काही यायचं तेव्हा — देवळातसुद्धा येत नाही.

"स्टेजवर वायरी मीच जोडल्या," म्हणाला. "तरी मला सांगितलं नाही."

दुखणं ते आहे. ढोल नाही, अहिराणी नाही.

३० डिसेंबर

भाऊचा जेवणाचा डबा द्यायला गॅरेजवर गेले तर काळे शर्ट जमलेले. रस्त्यापर्यंत आवाज!

"कॅसेट कंपनीने सांगितलं असेल."
"निवडणूक आली ना. कुणाच्या तरी प्रचाराला वाजवणार बघ."
"अरे, तिकडचे मोठमोठे बँड पण नरम पडले. केस कापले एकेकाने. यांनी तेच उचललं."
"मेटल अहिराणीत? हसतील लोक!"
यावर भटू — तो सगळ्यात लहान, आयटीआयचा — हळूच म्हणाला, "तू घरी काय इंग्रजी बोलतोस का?"
त्याला मारायलाच उठले!

मला हसू आलं. तोंडावर पदर — म्हणजे ओढणी. पण एक खरं, माणसं इतकी चिडली ती प्रेमाने. ज्याचं काही वाटत नाही त्याच्यावर कोण चिडतं?

भाऊ स्कूटरखाली आडवा. बाहेर आलाच नाही.

२ जानेवारी १९९५, सोमवार

रुपचंद आला गॅरेजवर. मी तिथेच होते, निघालेच होते, पण पाय निघेना. स्टेजवर केवढा दिसतो! खाली आपला साधा, चपलेचा अंगठा तुटलेला.

"तोताराम, रागावलास."

"मी कोण रागावणारा? बँड तुमचा."

रुपचंद टायरवर बसला. म्हणाला, पावसाळ्यात घरी सराव करत होतो. माय दाराशी येऊन उभी राहिली. विचारलं — "इतला वरडस तू, पन कोनावर वरडस रे?"

"आणि मला सांगता येईना, तोताराम. बारा वर्षं ओरडतोय, आणि कोणावर ते आईला सांगता येईना."

भाऊ पाना पुसत राहिला. मग — "मला आधी सांगायचं तरी."

"तुला सांगितलं असतं तर तू आवाज वाढवून दिला असतास. आणि तो इतका चांगला असता की मी पुन्हा ओरडायला लागलो असतो."

एवढं मोठं कौतुक भाऊचं कधी कुणी केलं नसेल! पण भाऊला ते ऐकू आलं नाही. तो परत स्कूटरखाली गेला. रुपचंद उठला, मला म्हणाला, "येतो ताई."

१२ जानेवारी

एकवीस तारखेला जळगावला कार्यक्रम आहे. भटूने सांगितलं. भाऊ म्हणतो, ज्याला जायचं त्याने जावं, मी नाही.

म्हणजे मीही नाही.

१३ जानेवारी

का नाही?

१९ जानेवारी

आईला सांगितलं, सुंदरमावशीकडे जळगावला जाते, शनिवारी सुट्टी टाकली आहे. कार्यक्रमाचंही सांगितलं, लपवलं नाही. आईने पोळी तव्यावर तशीच ठेवली.

"एकली जाशी?"

"मावशीला घेऊन जाईन."

मेटलच्या कार्यक्रमाला सुंदरमावशी! आई हसली. मग प्रश्नच मिटला. भाऊ ऐकत होता. नाही म्हणाला नाही, हेच खूप.

२२ जानेवारी, रविवार, जळगाव

सगळं लिहून काढते, एक शब्द सुटायला नको.

मावशी खरंच आली. नऊवारी, हातात पिशवी, पिशवीत शेंगदाणे. हॉल अर्धा रिकामा. काळे शर्ट आलेले, पण मागे, हाताची घडी घालून — भांडायलाच आलेले. पुढे सोनगीरची पंधरावीस माणसं, टेम्पो करून. मधोमध रुपचंदची आई, कमलबाई. तिने त्याला स्टेजवर आजवर पाहिलंच नव्हतं म्हणे.

पहिल्या गाण्यालाच "जुनं वाजवा!" सुरू. मग केळीची सालं यायला लागली. जळगावात दुसरं काय येणार! एक साल पुनाच्या खांद्यावर पडली. त्याने झटकली नाही, वाजवत राहिला. मावशी मागे वळून ओरडली, "लाज नाही वाटत रे?" मी तिला खाली बसवलं.

आणि लाइट गेली.

ठप्प. गिटार मेली, माइक मेला. एरवी इथेच कार्यक्रम संपला असता — विजेशिवाय भट्टी म्हणजे काय! मागून कुणीतरी टाळ्या पण वाजवल्या.

पण ढोल थांबला नव्हता. अभिमन काठी टाकून नुसत्या हाताने वाजवत होता, हळू. दारातून संध्याकाळचा उजेड येत होता, त्यात रुपचंद स्टेजच्या कडेला येऊन बसला, पाय खाली सोडून. आणि गायला लागला. त्याचा उघडा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. मी दिवसभर माणसांचे आवाज ऐकते, नागपूरचे, मुंबईचे, रडणारे, खोटं बोलणारे. असा आवाज ऐकला नाही. चिरलेला, खालचा, आणि प्रत्येक शब्द सरळ समोरच्यासाठी.

मागच्यांना ऐकू येईना. "ए, गप ना!" असं ओरडले ते — तेच, सालं मारणारे! मग एकेक जण पुढे सरकायला लागला. खुर्च्या ओढल्याचा आवाज. काही जमिनीवर बसले, सोनगीरवाल्यांच्या मांडीला मांडी लावून.

शेवटच्या कडव्याला तो उभा राहिला. श्वास घेतला. आणि ओरडला! तेच ते जुनं ओरडणं, भिंतीला जाऊन आपटणारं — पण या वेळी शब्दांसकट. गावाच्या कडेने निघून गेलेल्या सगळ्यांना बोलावत होता तो. काळे शर्ट उठून उभे. सगळा हॉल ओरडला त्याच्याबरोबर. मी ओरडले. सुंदरमावशी ओरडली! घसा बसलाय आज आमच्या दोघींचा.

बाहेर येताना कमलबाई कुणाचा तरी हात धरून म्हणत होती — "बारा वरीस व्हयनात, हाऊ वरडस. आज समजनं माले, काय म्हनस ते."

काय माणसं आहेत ही! जे येत होतं, ज्याने नाव झालं, ते बाजूला ठेवायचं आणि सालं अंगावर घेत उभं राहायचं. माझ्याच्याने झालं नसतं.

२४ जानेवारी, मंगळवार

भाऊला सांगायला गेले. तो रेडिओ उघडून बसलेला, पाठ माझ्याकडे.

"लाइट गेली? किती माणसं होती? जनरेटर नव्हता?"

"नव्हता. तसाच गायला."

"माइक नाही, काही नाही?"

"हॉलभर ऐकू आलं, भाऊ."

"बरं, बरं. पुरे." रेडिओ मोठा केला. मी अर्ध्यावरच उठले. राग आला, आणि वाईटही वाटलं.

१२ फेब्रुवारी, रविवार

रुपचंदचा फोन आला एक्सचेंजवर. अभिमन परवा मस्कतला चालला, नोकरी लागली. पुनाही भावाबरोबर सुरतेला जातोय. "भट्टी बंद केली, ताई. जळगावचा शेवटचा." मी विचारलं, कधी ठरलं? "दिवाळीतच. म्हटलं, जाण्याआधी आपलं, आपल्या तोंडाने गाऊन घेऊ. तोतारामला सांगायची हिंमत झाली नाही. तुम्ही सांगा."

घरी येऊन सांगितलं. भाऊ जेवता जेवता थांबला. हात धुतला. मग पाट ओढून माझ्यासमोर बसला, लहान मुलासारखा.

"जळगावचं सांग."

"सांगितलं की."

"नाही. पहिल्यापासून सांग."