टोमकेच्या नावाचं खातं

लाइपझिग, ३ मार्च

ती. फोकोमामांस,
टोमकेचा सा. न. वि. वि.

तुम्हाला मेसेज केला की उत्तर गेझिनेमामी देतात, तेही नुसता अंगठा. म्हणून हे पत्र. आमचा पुस्तकबांधणीचा कारखाना जानेवारीत बंद झाला, ते तुम्हाला ठाऊक आहेच. त्यानंतर एकवीस अर्ज झाले. दर वेळी तीच आपली अर्जाची फाइल: वर फोटो, खाली जन्मतारीख, जन्मगाव, अविवाहित, मग शाळेपासूनचे सगळे दाखले आणि शेवटी सही. तुमच्या वर्कशॉपमधल्या उन्हाळी कामाचा दाखलाही लावते. मुलगी वक्तशीर आहे पण चहा फार पिते, हे मात्र त्यात लिहायला नको होतं.

आता एक गोष्ट जमेल असं वाटतंय. सांडरॉक नावाच्या बाई आहेत, मोठ्या कंपन्यांना माणसं मिळवून देतात. काम घरबसल्या आहे: कंपन्यांच्या सेवा वापरून बघायच्या आणि अडलं कुठे ते लिहून पाठवायचं. बोलायला फार गोड. कागदपत्रांत वेळ जायला नको म्हणून त्यांनी ओळखपत्राचे दोन्ही बाजूंचे फोटो, कर क्रमांक आणि आजारपणाच्या विम्याचा क्रमांक आधीच मागून घेतला. पुढच्या आठवड्यात कॅमेऱ्यासमोर बसून एका बँकेची ओळख पटवायची पद्धत तपासायची आहे, ते माझं पहिलं काम.

मला थोडी धाकधूक वाटते. बाईंना मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तुम्ही इतकी माणसं कामावर घेतलीत, तर तुम्हाला काय वाटतं? तुमचं उत्तर येईपर्यंत मी हो म्हणणार नाही.

मामींना नमस्कार. माझ्यावर लोभ ठेवा, रागवायचं ते नंतर रागवा.

तुमची,
टोमके


लेअर, ६ मार्च

चि. टोमकेस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र आज दुपारी मिळालं. चहा पुढ्यात गार झाला, मामी दोनदा ओरडली, तरी मी ते तीनदा वाचलं.

घरं गरम ठेवायच्या या धंद्यातला पहिला हीटर मी सायकलच्या मागे बांधून नेला होता. आज माझ्याकडे अकरा माणसं आहेत. पण पोरी, कामावर रुजू व्हायच्या आधी कुणाचं ओळखपत्र मी मागितलेलं नाही. मी हात बघतो, पाना कसा धरतो ते बघतो. कर क्रमांक पगार द्यायच्या वेळी लागतो आणि विम्याचा त्याच सुमारास. जी बाई तुला भेटलीच नाही, तिला हे सगळं आधी कशाला हवं? कचेरी कुठे आहे तिची? त्या पत्त्यावर कुणाला पाठवून पाहिलंस का? ज्या कंपनीसाठी माणसं घेते म्हणते, त्या कंपनीला तू स्वतः शोधलेल्या नंबरवर फोन करून विचारलंस का, की ही बाई तुमची का म्हणून?

आपल्याकडची ती फाइल म्हणजे घराची किल्ली पत्त्याच्या चिठ्ठीसकट पोस्टात टाकण्यासारखं आहे. फोटो, जन्मतारीख, सही, एका ठिकाणी! पूर्वी न घेतलेल्या माणसाची फाइल मालक टपालाने परत पाठवायचा. आता ती कुणाच्या संगणकात पडून राहते, देव जाणे.

कॅमेऱ्यासमोर कार्ड धरू नकोस. काही झालं तरी धरू नकोस. बाकी इकडे विशेष काही नाही.

मामीचे आशीर्वाद. तुझ्यावर जीव आहे, तो काळजीने घेरलेला आहे एवढंच.

तुझा,
फोकोमामा


लाइपझिग, १० मार्च

ती. फोकोमामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शनिवारी आलं. कॅमेऱ्याचं काम शुक्रवारीच झालं.

रागवू नका, आधी वाचा. बुधवारी संध्याकाळी बाईंचा फोन आला, की काम लवकर उरकायचं आहे, शुक्रवारीच बसा. मी म्हटलं, मामांचं उत्तर येऊ दे. तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, अहो, तुमच्या मामांशी आत्ताच तर बोलले, फार मोकळ्या मनाचे आहेत. आई स्वयंपाकघरातल्या टेबलावर चर्चच्या गाण्यांची जुनी पुस्तकं शिवायची, हे त्यांनी मला सांगितलं. आई गेल्यावर तुम्हीच मला वाढवलंत, तेही. तुम्ही मला चिमणी म्हणता, तेसुद्धा! मला वाटलं, मामांनी बाईंना पारखून घेतलंय. मी निश्चिंत झाले.

पडद्यावर बँकेचा एक मुलगा होता. त्याने कार्ड तिरकं धरायला लावलं, नंबर वाचायला लावला. मग विचारलं, की खातं स्वतःसाठीच उघडताय ना, कुणी सांगितलं म्हणून नाही ना? बाईंनी आधीच बजावलं होतं, की हा प्रश्नही चाचणीचाच भाग आहे, स्वतःसाठी असंच सांगायचं. मी तसंच सांगितलं. मामा, मी त्याच्याशी खोटं बोलले.

खात्याचे सांकेतिक आकडे बाईंना पाठवले, अहवालासाठी म्हणून. त्यानंतर त्या फोन उचलत नाहीत. आज बँकेचं पत्र आलंय, नवीन ग्राहक म्हणून माझं स्वागत करणारं. तुम्ही खरंच त्यांच्याशी बोललात का?

उत्तर लवकर द्या. लोभाचं आज मागत नाही.

टोमके


लेअर, १२ मार्च

चि. टोमकेस,
आशीर्वाद.

बोललो. वीस मिनिटं बोललो.

बुधवारी दुपारी वर्कशॉपात फोन आला. तुझ्या फाइलमधल्या दाखल्यावर आपला नंबर आहेच. बाईने सुरुवात केली ती माझ्यापासून. म्हणाली, असा नेमका दाखला हल्ली कोण लिहितं, चहाचं वाचून मी हसत सुटले. झालं, मी सैल सुटलो. रेडिएटरमध्ये हवा कुठे अडकली आहे ते पाइपला कान लावून सांगणारा मी, पण स्वतःची स्तुती ऐकताना कान कामातून जातात. तुझी आई, तुझं लहानपण, सगळं तिने न विचारताच मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र वाचलं आणि कळलं काय झालं ते. त्याच मिनिटाला तुला फोन करायला हवा होता. केला असता तर शुक्रवार टळला असता. केला नाही, कारण बाईशी काय बोललात ते फोनवर तू विचारलं असतंस आणि मला फोनवर खोटं बोलता येत नाही. पत्रात येतं. इकडे विशेष काही नाही, हे मी तुला लिहिलं, ते मामीला अजून सांगितलेलं नाही.

आता ऐक. हे पत्र हातात पडेल तेव्हा कोट घालून सरळ पोलिसांकडे जा. बँकेचं स्वागतपत्र, बाईचे सगळे मेसेज, सगळं ने. बँकेला लेखी कळव की खातं गोठवा, आणि तक्रारीची पोच घे. लाज वाटते म्हणून एक दिवसही थांबू नकोस. मी थांबलो, त्याचं काय झालं ते बघतेसच. आणि जबाबात माझं नाव घाल.

फोको


लाइपझिग, १८ मार्च

ती. फोकोमामांस,
टोमकेचा सा. न. वि. वि.

पोलिसांकडे गेले. खातं गोठलं, पण तोवर बाईंनी ते वापरून घेतलं होतं. माझ्या नावाने इंटरनेटवर कॉफी यंत्रांचं दुकान उघडलंय. यंत्रं नाहीतच. नियमाप्रमाणे दुकानाच्या पानावर मालकाचं नाव आणि पत्ता छापावा लागतो, म्हणून तिथे टोमके आयलर्स आणि या घराचा पत्ता आहे. निदान चार जणांनी त्या खात्यात पैसे भरले. पोलीसबाई वाईट बोलल्या नाहीत. म्हणाल्या, स्वतःहून आलात हे तुमच्या बाजूने धरलं जाईल, पण चौकशी संपेपर्यंत कागदावर तुम्ही संशयित आहात. मामा, तुमचा जबाब त्यांना हवा आहे. गुरुवारी येताय ना? मी तुमच्यावर रागावले होते, दोन दिवस. आता तुम्ही शेजारी बसलेले हवे आहात.

काल टपालाने एक पत्र आलं, त्स्विकाऊहून. विटिश नावाचे आजोबा आहेत. अक्षर शाळेतल्यासारखं सरळ. लिहितात, की ते यंत्र बायकोच्या वाढदिवसाला मागवलं होतं, ती रोज पार्सलवाल्याची वाट बघते, आणि तरुण मुलीने असं वागावं याची तुम्हाला लाज वाटायला हवी. पैसे परत करायची बुद्धी झालीच तर अडचण नको, म्हणून खाली स्वतःचा खातेक्रमांक, जन्मतारीख, फोन आणि दुपारी घरी कधी असतात ती वेळही दिली आहे. पूर्ण नावाने सही.

पोलीसबाईंनी बजावलंय, की तक्रारदारांना काही कळवायचं नाही. पत्र मी उद्या त्यांच्याकडे देणार आहे. मामा, आजोबांना कुणीतरी सांगायला हवं, की हे असं कुणाला लिहून देऊ नका. पण मी कशी सांगू? त्यांनी ते सगळं चोराला पाठवलंय, आणि पाकिटावर माझं नाव आहे.

लवकर या.

तुमची,
टोमके