डाव्या चाकाचं लायनर

प्रिय दादा,

रागात असूनही ‘प्रिय’ खोडलेलं नाही. आधी झालं ते क्रमाने लिहिते.

१. ट्रकच्या मागच्या डाव्या चाकातून ऑइल गळत होतं. सुट्टीवर आला होतास, तू सील बदललंस.
२. त्यानंतर गोदामाच्या उतारावर बाबांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. उजवीकडे ओढली जाऊन फाटकाच्या खांबावर आदळली.
३. कुणाला लागलं नाही. वॉचमनच्या खुर्चीचा चुरा झाला. तो नुकताच फाटक उघडायला उठला होता.
४. तू सगळ्यांसमोर म्हणालास, “बाबा, आता तुमच्या पायात दम राहिला नाही.”
५. बाबांनी किल्ली खिळ्याला अडकवली. तू नोकरीवर परत गेलास.
६. काल मी ते चाक उघडलं.

ड्रम सुटायच्या आधीच वास आला. गिअर ऑइलचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही, हे मला तूच शिकवलंस. मी तेव्हा शाळेत होते आणि तू मला डबा हुंगायला लावून हसत होतास. पुढे मी कॉलेजात गेले, तर “इंजिनीअरबाई, पुस्तकातला नट कुठल्या पान्याने सुटतो?” म्हणून चिडवायचास. काल सगळे नट सुटले. आत तुझं नवं सील पुन्हा गळत होतं. पण मी बघत बसले ते ड्रमला आतून घासून चाक थांबवणारं ब्रेकचं लायनर. ते जुनंच होतं. ऑइल पिऊन काळंभोर झालेलं, आणि त्यावर पॉलिश पेपरने घासल्याचे आडवे ओरखडे. म्हणजे ते भिजलेलं तुला दिसलं होतं. पेट्रोलने पुसलंस, घासलंस आणि परत बसवलंस. ऑइल मुरलेलं लायनर कितीही पुसलं तरी तापल्यावर ऑइल सोडतं आणि चाक धरत नाही, हे तुला ठाऊक नाही असं म्हणू नकोस. डावं चाक धरत नव्हतं, उजवं धरत होतं. गाडी उजवीकडे जाणारच. यात बाबांचा पाय कुठे आला?

सील का गळलं तेही सांगते. एक्सलच्या माथ्यावर बोंडाएवढा ब्रीदर असतो. ऑइल तापलं की आतली हवा तिथून बाहेर पडते. त्याच्या आदल्या सुट्टीत तू गाडी खालून-वरून निळी रंगवलीस, तेव्हा तोही रंगून बंद झाला. हवा कोंडली आणि ऑइलने सीलमधून वाट काढली. त्याबद्दल माझा राग नाही. हौसेने केलं होतंस. बाबा हात मागे बांधून गाडीभोवती फिरत होते आणि “थोरली नटली बघा” म्हणत होते. गाडी थोरली, तू मधला, मी धाकटी. त्यांची मांडणी आपण कधी खोडून काढली नाही.

राग आहे तो चौथ्या मुद्द्याचा. चूक कुणाचीही होते. पण खांबापाशी उभा राहून तू बाबांच्या पायाकडे बोट दाखवलंस, तेव्हा आतलं लायनर फक्त तुला माहीत होतं. स्वतःचं झाकायला बापाचं म्हातारपण वापरलंस, दादा. मीही तिथे होते. मला ते खरंच वाटलं, म्हणून गप्प बसले.

आता बाबा जिना उतरताना कठड्याला धरतात. रोज सकाळी न्हाणीत भिंतीला उजवा पाय लावून दाबून बघतात. दार लोटलेलं असतं, पण टाच घसरल्याचा आवाज येतो. परवा डॉक्टरांनी पाय ठणठणीत आहे म्हणून सांगितलं, तर परत येताना म्हणाले, “डॉक्टर काय, बरं वाटेल तेच बोलणार.”

नवं सील, नवं लायनर बसवलं. ब्रीदरचा रंग खरवडला. उतारावर मी स्वतः ब्रेक लावून पाहिला. गाडी रेषेत थांबते. घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. ओरखड्यांसकट. त्यांनी ऐकून घेतलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “माझी समजूत काढू नकोस गं. चाक त्याने उघडलं होतं. लायनर खराब असतं, तर तो बोलला असता.”

म्हणून हे पत्र. माझं खरं बोलणं त्यांना नुसता दिलासा वाटतं आणि तुझं न बोलणं पुरावा. शनिवारी ते थोरलीची किल्ली शेजारच्या ड्रायव्हरकाकांना देऊन टाकणार आहेत. काढलेलं लायनर मी पिशवीत ठेवलं आहे. ते त्यांच्यापुढे टाकून तुला खोटं पाडणं मला जमेल, पण मग त्यांना पाय परत मिळेल आणि मुलगा जाईल. ते मला नको आहे. तू फोनवर विषय बदलतोस, म्हणून फोन करू नकोस. बाबांच्या नावाने, तुझ्या हाताने लिही: लायनर भिजलेलं होतं आणि ते मला माहीत होतं. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

पत्र शुक्रवारपर्यंत घरी पोचायला हवं.

अजून तरी तुझीच,
धाकटी