चिकटवलेल्या बीमचं माझं सूत्र

३ जुलै
संकल्प : या सेमिस्टरमध्ये थिअरी पूर्ण. नोट्स नव्याने लिहिणे. (जुन्या पिवळ्या पडल्यात. मजकूर ताजा आहे, पण मुलं कागद बघतात.) चिकटवलेल्या दोन फळ्यांचा बीम किती भार पेलेल, याचं सूत्र जगाला नीट सापडलेलं नाही. मला सापडलंय. आता फक्त लिहून काढायचं.

५ जुलै
लिहायला टेबल रिकामं हवं. आवरलं. दमलो.

१२ जुलै
माझी पीएचडीची विद्यार्थिनी तीन वर्षं या सूत्रावर काम करतेय. म्हणाली, सर, एकदा बीम करून मोडून बघू या का? तिला समजावलं, थिअरी पक्की असली की मोडतोड लागत नाही. वही मिटून लॅबकडे गेली. पटलं असावं.

१९ जुलै
सेकंड इयरचं लेक्चर. ओघात माझं सूत्र फळ्यावर लिहिलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला : यात जाडी शून्य धरली तरी बीम भार पेलतो, ते कसं? म्हटलं, उत्तम प्रश्न, घरी विचार करा. घरी मीही केला. थोडा. मग टीव्ही.

२ ऑगस्ट
विभागप्रमुख मॅडमनी बोलावलं. सप्टेंबरपर्यंत प्रयोगाचे आकडे नसतील तर विद्यार्थिनीचं रजिस्ट्रेशन रद्द होणार. तिचा चेहरा पांढराफटक. मोठ्या मनाने प्रयोगाला परवानगी दिली.

९ ऑगस्ट
बीम तयार. लॅबचे मामा सत्तावीस वर्षं मशीन चालवतायत. त्यांनी बीमवर बोटाने टकटक केली आणि म्हणाले, अकराच्या आसपास जाईल. मी प्रेमाने हसलो. सूत्राप्रमाणे चाळीस किलोन्यूटन. उद्या सगळ्या विभागाला बोलावलंय. छोटं भाषण पाठ केलंय.

१० ऑगस्ट, सकाळी ११
अकराला मोडला. म्हणजे अकरा किलोन्यूटनला. भाषण चाळीसनंतर होतं, त्यामुळे राहिलं. लाकूड खराब.

११ ऑगस्ट
आणखी तीन मोडले. अकरा, साडेअकरा, अकरा. अख्खी वखारच खराब दिसते.

१७ ऑगस्ट
विद्यार्थिनी घरी आली. हिने चहा दिला. झोपलेल्याला उठवावं तशा आवाजात ती म्हणाली, सर, दुसऱ्या पानावर अधिकच्या जागी उणे हवं होतं का? तपासलं. हवं होतं. उणे घातल्यावर उत्तर बरोब्बर अकरा. सूत्र किती देखणं झालं! तसं म्हणालोही. तिने सेकंड इयरचं पुस्तक उघडून समोर ठेवलं. तेच सूत्र, छापलेलं. दर वर्षी ऑक्टोबरात मीच शिकवतो.
ती गेल्यावर हिने विचारलं, मग तीन वर्षं ही पोर करत काय होती?
हिला रिसर्च कळत नाही.

२१ ऑगस्ट
कळलं, काय करत होती. गेले आठ महिने मामांच्या मदतीने बीम मोडत होती. एकशे बारा. बीम मधे न मोडता टोकाकडे, डिंक सुटतो तिथून का जातो, हे तिने शोधलंय. मी लेक्चरला गेलो की मशीन सुरू करायचे.
म्हणजे माझ्या लेक्चर्सचा कुणाला तरी उपयोग झाला.

२८ सप्टेंबर
समितीने तिचं काम मान्य केलं. मॅडम म्हणाल्या, बऱ्याच वर्षांत इतकं चोख काम पाहिलं नाही. मी मान डोलवली. त्या तिच्याकडे बघत होत्या.
दुपारी ती केबिनमध्ये आली. पेपर पाठवायचाय. नावं दोन, तिचं आणि मामांचं. चाचरत विचारलं, सर, तुमचंही घालू ना?
हो म्हणायला तोंड उघडलं. एकशे बारा आठवले. म्हणालो, नको. मी एकही मोडलेला नाही.
असं कसं सर, तुमचं नाव हवंच, असं ती म्हणेल म्हणून जरा थांबलो.
थँक यू सर, म्हणाली आणि जाताना दार हळूच लावून घेतलं.