तेलाचा हात

रविवार, संध्याकाळ. साकोली.

बाबांच्या जुन्या गाडीचं इंजिन कसं बांधायचं, रोज कॉलेजला जाण्यापुरतं की शर्यतीत पळणारं, हे मी चार वर्षं ठरवत होतो. कागदावर. इंजिन मात्र खोलून पोत्याखाली ठेवलेलं.

आज सुखदेव मिस्त्रींनी घरी येऊन पोतं उचललं. सिलिंडर गंजाने खाल्लेले.

"सर, तेलाचा हात काहून नाही मारला? इंजिन पाहून राहिले होते का नवरी?"

"आतून घासून बोअर वाढवलं तर चालेल?"

"घासाले काही उरलंच नाही. दुसरं इंजिन टाका."

मग ती बाबांची गाडी कशी? आणि शर्यतीत मी खरंच उतरलो असतो का?

तेलाचा डबा शेजारच्याच फळीवर होता. मिस्त्री गेल्यावर गंजलेल्या सिलिंडरांना तेल लावलं. चारही. नीट पुसून.